वापरकर्त्याचं ‘डॉक्युमेंट्स’ नेमकं कुठे आहे? प्रोग्रॅममधून प्रमाण फोल्डर शोधायची पद्धत

‘सेव्ह झालं म्हणून दाखवतंय, पण डॉक्युमेंट्समध्ये फाईलच नाही.’ अशी तक्रार आली की सगळ्यात आधी कोडमध्ये पाथ (फाईलचा डिस्कवरचा पूर्ण पत्ता) कसा काढलाय ते बघावं. बहुतेक वेळा तिथे ‘सी ड्राइव्ह, मग युजर्स, मग वापरकर्त्याचं नाव, मग डॉक्युमेंट्स’ अशी जोडाजोड सापडते. लिहिणाऱ्याच्या संगणकावर ती चोख चालते. वापरकर्त्यानं मात्र आपलं डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवर हलवलेलं असतं, किंवा वनड्राइव्हचा बॅकअप चालू केल्यामुळे ते वनड्राइव्हच्या फोल्डरात गेलेलं असतं. प्रोग्रॅमला जुन्या जागी फोल्डर दिसत नाही, म्हणून तो त्याच नावाचा नवा फोल्डर बनवतो आणि फाईल तिथे ठेवतो. एरर येत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही. फाईल डिस्कवर आहे, पण माणसाला ती कधीच सापडणार नाही.

यावर उपाय एकच: पाथ स्वतः जोडायचा नाही, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायचा. विचारायचं कसं हे मात्र प्रत्येक सिस्टिमवर वेगळं आहे, आणि मिळालेलं उत्तर कितपत धरून चालायचं हेही. ते पायरीपायरीनं पाहू. फंक्शनांची आणि व्हेरिएबलांची नावं इथे उच्चाराप्रमाणे, शब्द सुटे करून लिहिली आहेत. कोडमध्ये ती त्या त्या भाषेच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहेत तशीच लिहावीत.

आधी ठरवा: फाईल कोणाची?

कोणतं फंक्शन वापरायचं हा प्रश्न नंतरचा. आधी फाईल वापरकर्त्याची आहे की प्रोग्रॅमची, ते ठरवा.

माणसानं स्वतः लिहिलेलं पत्र, काढलेलं चित्र, मुद्दाम एक्स्पोर्ट केलेला अहवाल या त्याच्या फाईली. त्यांची जागा डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, डेस्कटॉप अशा त्याच्या ओळखीच्या फोल्डरांत. तिथेसुद्धा थेट लिहिण्यापेक्षा सेव्हची खिडकी उघडावी आणि प्रमाण फोल्डर फक्त सुरुवातीची जागा म्हणून दाखवावा. शेवटचा निर्णय त्याचा.

सेटिंग्ज, अंतर्गत डेटाबेस, कॅश, लॉग या प्रोग्रॅमच्या फाईली. त्या डॉक्युमेंट्समध्ये टाकणं मला अजिबात पटत नाही. लोक तो फोल्डर आवरतात, दुसऱ्याला पाठवतात, पेन ड्राइव्हवर घेतात, आणि न कळणारी नावं दिसली की पुसून टाकतात. शिवाय हा फोल्डर क्लाउडशी सिंक होत असेल तर उघड्या डेटाबेसची फाईल अर्ध्यात उचलली जाऊ शकते. एसक्यूलाइटसारखा डेटाबेस तिथे ठेवला की लॉक अडकणं आणि फाईल बिघडणं हे धोके येतात.

प्रोग्रॅमच्या फाईलींमध्येही फरक करावा लागतो. त्यासाठी एक प्रश्न पुरतो: ही फाईल उडाली तर वापरकर्त्याचं काय जाईल? काहीच जाणार नसेल, पुन्हा बनवता येत असेल, तर ती कॅश. त्यानं आपल्या सोयीनं केलेली मांडणी जाणार असेल तर ती सेटिंग्ज. त्याचं काम जाणार असेल तर तो डेटा. या तिघांच्या जागा वेगळ्या असतात, कारण सफाई करणारी साधनं कॅश बेधडक पुसतात आणि बॅकअप घेणारी साधनं ती बहुतेकदा वगळतात.

होम मिळालं, पण तेवढ्यावर भागत नाही

होम फोल्डर, म्हणजे वापरकर्त्याचा मूळ फोल्डर, काढणं सगळ्यात सोपं. पायथनमध्ये पाथलिबमधलं ‘पाथ डॉट होम’, नोडमध्ये ‘ओएस डॉट होमडिर’, गोमध्ये ‘ओएस डॉट युजर होम डिर’ (आवृत्ती 1.12 पासून), जावामध्ये ‘युजर डॉट होम’ ही प्रॉपर्टी. लिनक्स आणि मॅकवर यांतली बहुतेक आधी ‘होम’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमनं प्रोग्रॅमला नावासह दिलेली किंमत) बघतात, विंडोजवर ‘युजर प्रोफाइल’. पायथनची एक गोष्ट लक्षात असू द्या: विंडोजवर जुन्या आवृत्त्या ‘होम’ व्हेरिएबलही मानायच्या, 3.8 पासून ते थांबलं. त्यामुळे तोच कोड दोन आवृत्त्यांवर दोन वेगळे पाथ देऊ शकतो.

होम हातात आलं की त्यापुढे ‘डॉक्युमेंट्स’ जोडायचा मोह होतो. इथेच गाडी पहिल्या चुकीवर परत येते. होम बरोबर असूनही डॉक्युमेंट्स दुसऱ्या ड्राइव्हवर असू शकतं, आणि लिनक्सवर तर त्याचं नावच दुसऱ्या भाषेत असू शकतं.

विंडोज

विंडोजवर या विषयाचे थर साचलेले आहेत, आणि जुन्या कोडमध्ये ते सगळे भेटतात. त्यामुळे थोडा इतिहास कामाला येतो. विंडोज एक्सपीवर वापरकर्त्याची घरं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरात असत आणि आत ‘माय डॉक्युमेंट्स’ असे. व्हिस्टापासून ‘युजर्स’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ आलं. एक्सपीच्या जर्मन आवृत्तीत तर डिस्कवरचं नावच ‘आयगेने डाटाइएन’ होतं. हाताने जोडलेले पाथ या बदलात धडाधड मोडले. जुने पाथ अगदीच बंद पडू नयेत म्हणून नव्या विंडोजमध्ये जुन्या नावांचे जंक्शन (नव्या जागेकडे वळवणारे दुवे) ठेवलेले असतात, पण त्यांची यादी वाचायला गेलं की परवानगी नाकारली जाते. सगळे फोल्डर एकामागून एक फिरणारा कोड इथे हमखास अडखळतो.

आज वापरायचं फंक्शन म्हणजे ‘एसएच गेट नोन फोल्डर पाथ’. ते व्हिस्टापासून आहे. प्रत्येक प्रमाण फोल्डरला एक ‘फोल्डर आयडी’ असतो: डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स, रोमिंग ॲप डेटा, लोकल ॲप डेटा, प्रोग्रॅम डेटा वगैरे. हा आयडी द्यायचा, वापरकर्त्याची ओळख सांगणाऱ्या टोकनच्या जागी नल दिलं की सध्याचा वापरकर्ता धरला जातो, आणि पाथ परत मिळतो. पाथची मेमरी सिस्टिम राखून देते, म्हणून काम झाल्यावर ती ‘को टास्क मेम फ्री’नं सोडायची. फंक्शन अयशस्वी झालं तरीही हे करायचंच.

याआधीचं ‘एसएच गेट फोल्डर पाथ’ आणि त्याचे ‘सीएसआयडीएल’ स्थिरांक अजून चालतात, पण नव्या कोडमध्ये घेऊ नका. त्याला 260 अक्षरांची ठरलेली जागा द्यावी लागते. आणि सगळ्यात अडचणीची बाब अशी की डाउनलोड्ससाठी त्यात स्थिरांकच नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘होम अधिक डाउनलोड्स’ अशी जोड दिसते ती बऱ्याचदा यामुळेच.

रजिस्ट्रीतून पाथ वाचायचा सल्लाही अनेक ठिकाणी मिळतो. ‘शेल फोल्डर्स’ नावाच्या कीमध्ये हे पाथ दिसतात खरे, पण ती की केवळ जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेली आहे. ‘ही रजिस्ट्री की वापरू नका’ असं मायक्रोसॉफ्टनं त्या कीमध्येच एका नोंदीच्या रूपात लिहून ठेवलं आहे. याहून स्पष्ट सांगणं काय असणार?

‘एसएच गेट नोन फोल्डर पाथ’ला देता येणाऱ्या फ्लॅगकडे लक्ष द्या. काहीच फ्लॅग दिला नाही तर फोल्डर प्रत्यक्षात आहे का हे तपासलं जातं, आणि नसेल तर एरर येते. ‘क्रिएट’ फ्लॅगनं तो बनवला जातो. ‘डोन्ट व्हेरिफाय’ दिला की न तपासता पाथ मिळतो. नेटवर्कवर हलवलेल्या फोल्डरांसाठी हा उपयोगी पडतो, कारण नेटवर्क बंद असताना तपासणी रेंगाळते.

रोमिंग की लोकल? एका संस्थेच्या नेटवर्कवर माणूस कोणत्याही संगणकावर बसला तरी त्याच्याबरोबर जावीत अशी छोटी सेटिंग्ज रोमिंगमध्ये. कॅश, मोठे डेटाबेस, त्या एका यंत्रापुरत्या गोष्टी लोकलमध्ये. रोमिंगमध्ये मोठी फाईल टाकली तर लॉगिनच्या वेळी ती प्रोफाइलबरोबर नेटवर्कवरून ओढली जाते आणि लॉगिन मंदावतं.

मराठी वाचकानं जपून ठेवावा असा एक मुद्दा: वापरकर्त्याचं नाव देवनागरीत असू शकतं. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुनं एएनएसआय कोड पेज (युनिकोडआधीचा अक्षरांचा तक्ता) नाहीच. त्यामुळे फंक्शनांची ‘ए’ने संपणारी रूपं वापरली तर पाथमधल्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात आणि फाईल उघडत नाही. ‘डब्ल्यू’ने संपणारी, म्हणजे युनिकोडची रूपंच घ्या. ‘एसएच गेट नोन फोल्डर पाथ’ हे मुळात युनिकोडच देतं, पण पुढे तुम्हीच तो पाथ अरुंद स्ट्रिंगमध्ये बदललात तर आधी घेतलेली काळजी वाया जाते.

लिनक्स

लिनक्सवर दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, आणि त्यांची नावं सारखी वाटत असल्यानं गोंधळ होतो.

पहिली ‘एक्सडीजी बेस डिरेक्टरी’, प्रोग्रॅमच्या फाईलींसाठी. सेटिंग्जसाठी ‘एक्सडीजी कॉन्फिग होम’ हे व्हेरिएबल बघायचं, ते रिकामं असेल तर होममधला ‘.कॉन्फिग’ धरायचा. डेटासाठी ‘एक्सडीजी डेटा होम’, नसेल तर ‘.लोकल/शेअर’. कॅशसाठी ‘एक्सडीजी कॅश होम’, नसेल तर ‘.कॅश’. लॉग, इतिहास, शेवटची उघडी खिडकी अशा गोष्टींसाठी ‘एक्सडीजी स्टेट होम’, नसेल तर ‘.लोकल/स्टेट’, ही नंतर आलेली भर आहे. व्हेरिएबलमध्ये सापेक्ष पाथ (मुळापासून सुरू न होणारा, अर्धवट पत्ता) असेल तर तो चुकीचा मानून सोडून द्यायचा, हे नियमात लिहिलेलं आहे. फोल्डर नसेल तर 0700 परवानगीनं बनवायचा, म्हणजे तो मालकाशिवाय कोणाला वाचता येत नाही. ‘एक्सडीजी रनटाइम डिर’ला मात्र अशी ठरलेली पर्यायी जागा नाही. ते रिकामं असू शकतं हे धरूनच कोड लिहा.

दुसरी व्यवस्था ‘एक्सडीजी युजर डिर्स’, माणसाच्या फोल्डरांसाठी. तिची माहिती ‘.कॉन्फिग’मधल्या ‘युजर-डिर्स.डिर्स’ या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असते. डेस्कटॉप, डाउनलोड, टेम्प्लेट्स, पब्लिकशेअर, डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स, व्हिडिओज अशा आठ नोंदी. यातलं ‘डाउनलोड’ एकवचनी आहे, हे टाइप करताना विसरलं जातं.

इथे तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. एक, विंडोज आणि मॅकवर फोल्डरचं नाव पडद्यावर भाषांतरित दिसलं तरी डिस्कवर ते सहसा इंग्रजीच असतं. लिनक्सवर मात्र पहिल्या लॉगिनच्या वेळी असलेल्या भाषेतलं नावच डिस्कवर बनतं. जर्मन डेस्कटॉपवर ‘डोकुमेंटे’ नावाचा खराखुरा फोल्डर असतो आणि ‘डॉक्युमेंट्स’ नावाचा नसतो. दोन, ‘एक्सडीजी डॉक्युमेंट्स डिर’ हे नाव व्हेरिएबलसारखं दिसतं, पण ते सहसा एन्व्हायर्नमेंटमध्ये नसतं, फक्त त्या फाईलमध्ये असतं. एन्व्हायर्नमेंटमध्ये शोधलं तर रिकामं उत्तर मिळतं आणि प्रोग्रॅम निमूटपणे पर्यायी, चुकीच्या वाटेला लागतो. तीन, एखाद्याला तो फोल्डर नको असेल तर तो ती नोंद थेट होमकडे वळवतो. मग तुमच्या प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स म्हणून होमच मिळतं, आणि ते योग्यच आहे. त्याची निवड मान्य करा, होममध्ये ‘डॉक्युमेंट्स’ नव्यानं बनवू नका.

शेल स्क्रिप्टमधून विचारायचं असेल तर ‘एक्सडीजी-युजर-डिर’ ही कमांड आहे. तिला ‘डॉक्युमेंट्स’ हा शब्द कॅपिटल अक्षरांत द्यायचा. सी भाषेत जीलिबचं ‘जी गेट युजर स्पेशल डिर’ आहे. ते नल देऊ शकतं, म्हणून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. सर्व्हरवर डेस्कटॉपच नसतो, तेव्हा ही फाईलही बहुधा नसते.

फ्लॅटपॅकमध्ये (लिनक्सवर प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात बांधून देण्याची पद्धत) बांधलेल्या प्रोग्रॅमला ही व्हेरिएबलं बदलून मिळतात आणि त्याच्या फाईली होममधल्या ‘.व्हार/ॲप’मध्ये जातात. व्हेरिएबल विचारणारा कोड तिथे काही न बदलता चालतो. ‘.कॉन्फिग’ स्वतः जोडणाऱ्या कोडची सेटिंग्ज मात्र पुढच्या वेळी गायब झालेली दिसू शकतात.

मॅक

मॅकवर फाइल मॅनेजरकडे ‘यूआरएल्स फॉर डिरेक्टरी’ असं विचारायचं आणि डोमेन म्हणून ‘युजर डोमेन’ द्यायचं. सेटिंग्जसाठी ‘युजर डिफॉल्ट्स’, बाकी डेटासाठी ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’, कॅशसाठी ‘कॅशेस’. ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये आपल्या बंडल आयडेंटिफायरच्या नावानं उपफोल्डर करावा. तो आयता मिळत नाही, स्वतः बनवावा लागतो.

सँडबॉक्समधल्या, म्हणजे सिस्टिमनं ठरावीक कप्प्यात बंद ठेवलेल्या, ॲपनं होम विचारलं तर खरं होम मिळत नाही, लायब्ररीतल्या ‘कंटेनर्स’खालचा त्या ॲपचा फोल्डर मिळतो. फाईल ‘हरवली’ अशी तक्रार आली की हा फरक आठवा. शिवाय 2019 च्या कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्समध्ये शिरताना सिस्टिम वापरकर्त्याची परवानगी मागते. त्यानं नाही म्हटलं तर पाथ बरोबर असूनही वाचता येत नाही. उघडण्याच्या किंवा सेव्हच्या खिडकीतून त्यानं स्वतः फाईल निवडली तर हा प्रश्न येत नाही. ती जागा पुढच्या वेळीही लागणार असेल तर सँडबॉक्समध्ये ‘सिक्युरिटी स्कोप्ड बुकमार्क’ (मिळालेली परवानगी टिकवणारी खूण) जपून ठेवायचा.

फोनवर तर थेट पाथ शक्यतो हाताळूच नये. अँड्रॉइड 10 पासून सामायिक फोल्डरांत पाथने लिहिण्याची जुनी रीत मागे पडली. मीडिया स्टोअर किंवा फाईल निवडीची खिडकी वापरा. आयओएसवर ॲप अद्ययावत झालं की कंटेनरचा पूर्ण पाथ बदलू शकतो, म्हणून डेटाबेसमध्ये फक्त फाईलचं नाव किंवा सापेक्ष पाथ साठवा.

हाताशी असलेली साधनं

एकच कोड सगळीकडे चालवायचा असेल तर हे सगळं स्वतः लिहू नका. पायथनमध्ये ‘प्लॅटफॉर्मडिर्स’ ही लायब्ररी घ्या. सेटिंग्ज, कॅश, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळं देते. क्यूटीमध्ये ‘क्यू स्टँडर्ड पाथ्स’ आहे, आणि त्यातला टेस्ट मोड मला फार आवडतो: चाचण्या चालताना तो सेटिंग्ज आणि डेटाचे वेगळे पाथ देतो, खऱ्या वापरकर्त्याच्या फाईलींना धक्का लागत नाही. इलेक्ट्रॉनमध्ये ‘ॲप डॉट गेट पाथ’. गोमध्ये सेटिंग्ज आणि कॅशसाठी प्रमाण फंक्शनं आहेत, डॉक्युमेंट्ससाठी नाही.

डॉटनेट वापरणाऱ्यांनी थोडं जास्त सावध राहावं. ‘एन्व्हायर्नमेंट डॉट गेट फोल्डर पाथ’ला फोल्डर प्रत्यक्षात नसेल तर रिकामी स्ट्रिंग मिळते, एक्सेप्शन येत नाही. त्या रिकाम्या स्ट्रिंगला फाईलचं नाव जोडलं की फाईल सध्याच्या कामाच्या फोल्डरात जाऊन पडते. डाउनलोड्स त्या यादीत नाहीच. आणि डॉटनेट 8 मध्ये लिनक्स व मॅकवरचं उत्तर बदललं: ‘माय डॉक्युमेंट्स’ विचारल्यावर आधी थेट होम मिळायचं, आता खरं डॉक्युमेंट्स मिळतं. आवृत्ती वाढवताना जुन्या फाईली कुठे राहिल्या ते नक्की बघा.

कोणाचं डॉक्युमेंट्स विचारताय?

सिस्टिम उत्तर देते ते प्रोग्रॅम ज्या खात्यानं चालतोय त्या खात्याचं. समोर बसलेला माणूस वेगळा असू शकतो. विंडोजवर साध्या खात्यातून इन्स्टॉलर चालवताना दुसऱ्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड दिला, तर इन्स्टॉलरला त्या ॲडमिनचं डॉक्युमेंट्स मिळतं. लोकल सिस्टिम खात्यानं चालणाऱ्या सर्व्हिसचं होम तर विंडोजच्या सिस्टिम 32 मध्ये असतं. लिनक्सवर सुडोनं (रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या हक्कानं) चालवलं की होम रूटचं असेल की मूळ वापरकर्त्याचं, हे त्या यंत्राच्या मांडणीवर ठरतं. मूळ वापरकर्त्याचं मिळालं तरी बनलेल्या फाईलींची मालकी रूटकडे जाते आणि नंतर त्यालाच त्या बदलता येत नाहीत.

म्हणून वापरकर्त्याच्या फोल्डरांत काहीही ठेवायचं काम इन्स्टॉलरकडे देऊ नका. प्रोग्रॅम त्या माणसाच्या खात्यातून पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा करा.

उत्तर मिळाल्यावर

पाथ मिळाला म्हणजे तिथे लिहिता येईल असं नाही. आधी परवानगी तपासून मग लिहिण्यापेक्षा थेट लिहून बघा आणि एरर नीट हाताळा, कारण तपासणं आणि लिहिणं यांच्या मधल्या वेळात परिस्थिती बदलू शकते. विंडोजमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये लिहिताच येत नाही. अशा वेळी दुसऱ्या कुठल्या तरी फोल्डरात गुपचूप फाईल ठेवू नका. काय अडलं ते पूर्ण पाथसकट दाखवा आणि जागा निवडायची खिडकी उघडा.

मिळालेला पाथ सेटिंग्जमध्ये साठवून ठेवू नका. दर वेळी प्रोग्रॅम सुरू होताना नव्यानं विचारा. त्याला वेळ जवळजवळ लागत नाही. साठवायचाच तर माणसानं स्वतः निवडलेला पाथ साठवा, आणि तो आता अस्तित्वात नसेल तर त्याला तसं सांगा.

तपासणीसाठी मुद्दाम वाकडी खाती बनवा: नावात स्पेस आणि देवनागरी असलेलं, डॉक्युमेंट्स दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेलं, डाउनलोड्स पुसून टाकलेलं, लिनक्सवर दुसऱ्या भाषेत पहिलं लॉगिन केलेलं. यांतल्या प्रत्येकावर सेव्ह करून फाईल एक्सप्लोररमध्ये, मॅकवर फाइंडरमध्ये हाताने शोधून बघा. प्रोग्रॅमनं दाखवलेला संदेश पुरावा म्हणून धरू नका.

चुकीच्या पाथवर आधीच वर्षानुवर्षं लिहिणारा प्रोग्रॅम दुरुस्त करायचा असेल, तर फक्त ओळ बदलून नवी आवृत्ती देऊ नका. लोकांना आपलं जुनं काम पुसलं गेल्यासारखं वाटेल. आधी नव्या जागी बघा. तिथे काही नसेल तर जुनी जागा तपासा आणि सापडलेल्या फाईली नव्या जागी कॉपी करा. दोन्हीकडे एकाच नावाची फाईल असेल तर आपल्या मनाने एक निवडू नका, दोन्ही तारखा दाखवून विचारा. जुन्या प्रती लगेच पुसू नका, आणि काय कुठून कुठे गेलं ते लॉगमध्ये पूर्ण पाथसह लिहा.